प्रतिसाद: एसबीएफमध्ये कॅल्शियम घटलं म्हणजे आयन सुटत नाहीत?

स्ट्रॉन्शियमवाल्या हायड्रॉक्सीअपेटाइटच्या (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट) गोळ्या एसबीएफमध्ये, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या कृत्रिम द्रावणात, ठेवल्या, कॅल्शियम वाढायच्या ऐवजी घटलं, म्हणून आयन सुटतच नाहीत, हा वरच्या पोस्टमधला निष्कर्ष काही पटला नाही. एसबीएफमध्ये आधीच 2.5 मिलीमोलर कॅल्शियम आणि 1 मिलीमोलर फॉस्फेट असतं, म्हणजे अपेटाइटच्या हिशेबाने ते अतिसंपृक्त (विरघळून राहू शकेल त्यापेक्षा जास्त भरलेलं), त्यामुळे तुमच्या गोळीवर नवा अपेटाइटचा थर बसतो आणि तो द्रावणातलं कॅल्शियम ओढून घेतो, सुटलेलं थोडं स्ट्रॉन्शियमसुद्धा. आयसीपीला (द्रावणातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) दिसते ती फक्त शिल्लक, बँक बॅलन्ससारखी. आत किती आलं आणि बाहेर किती गेलं ते त्यात कळत नाही.

सुटणंच मोजायचं असेल तर कॅल्शियम-फॉस्फेट नसलेलं ट्रिस बफर घ्या, पीएच 7.4, 37 अंश. सिरॅमिकसाठीच्या आयएसओ 10993-14 या चाचणी-मानकामध्ये हेच आहे, आणि जोडीला पीएच 3 च्या सायट्रिक अ‍ॅसिडची टेस्ट, ती बहुतेकजण सोडूनच देतात! खरं तर ऑस्टिओक्लास्टच्या (हाड विरघळवणाऱ्या पेशी) खाली पीएच साधारण 4.5 पर्यंत उतरतो, तिथे 7.4 चे आकडे फारसे कामाचे नाहीत. आणि हो, डोपिंग केलं (म्हणजे थोडा दुसरा आयन मिसळला) की विरघळणं वाढतंच असं नाही, मॅग्नेशियम घातलेलं बीटा-टीसीपी (ट्रायकॅल्शियम फॉस्फेट) उलट जास्त स्थिर होतं.