बोहारणींचा फोटो आणि ग्रुपचे नियम (सर्व विंग, सर्व सभासद)

बी-४०२ ताई, सकाळी ७:१२
काल रात्री ११:४८ ला डी-१०५ नी गेट नंबर २ वरच्या दोन बायकांचा फोटो आणि सोबत एक ऑडिओ टाकलाय. खाली लिहिलंय 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात, सावध राहा'. फोटो जरा मोठा करून बघा. पुढच्या बाईच्या डोक्यावर स्टीलच्या डब्यांची पाटी आहे, मागचीच्या खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. बोहारणी आहेत त्या! दर गुरुवारी येतात, गेटवरच्या रजिस्टरात नोंद असते. निम्म्या घरांतले डबे त्यांच्याकडून घेतलेले आहेत. फोटो आत्ताच्या आत्ता ग्रुपवरून काढून टाका.

ए-१०२ काकू, ७:१४
🙏 शुभ सकाळ. आजचा दिवस सर्वांना सुखाचा जावो.

बी-४०२ ताई, ७:१५
काकू, प्लीज. आज नको.

डी-१०५, ७:२१
ताई, काळजीपोटीच टाकला. फोटो मी घराच्या बाल्कनीतून काढला होता. ऑडिओ दुसऱ्या ग्रुपवर आला होता. दोन्ही एकत्र पाठवले इतकंच.

डी-५०३, ७:२६
दादा, गोम तिथेच आहे. त्या ऑडिओवर दोन बाण आहेत बघा. म्हणजे तो तुमच्याकडे येण्याआधी पाच किंवा जास्त वेळा पुढे गेलाय. त्यात तारीख नाही, गावाचं नाव नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही. नुसतं 'आपल्या भागात'. अशा ऑडिओला आपल्या गेटवरचा फोटो जोडला की जुन्या अफवेला नवा चेहरा मिळतो. आता हे ज्याच्याकडे जाईल त्याला ते कालचं आणि इथलंच वाटणार.

सी-२०१ काका, ७:३०
माझा मुद्दा तोच. थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाका.

बी-४०२ ताई, ७:३१
काका, विषय काय चाललाय?

सी-२०१ काका, ७:३३
ग्रुपच्या शिस्तीचाच चाललाय ना? मग शिस्त सगळ्यांना लावा.

ए-३०३ काका, ७:४०
इतकं मनावर घेऊ नका. सावध राहिलेलं बरं. खोटं निघालं तर निघालं, नुकसान काय?

बी-७०१ वकीलताई, ७:५२
काका, नुकसान काय ते धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला झालंय. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. त्यातल्या एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला म्हणतात, एवढं निमित्त पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. 'खबरदारी म्हणून पाठवलं' हेच तिथेही प्रत्येकाने म्हटलं असणार. आपल्या फोटोतल्या बायका गुरुवारी दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर उभ्या असतील आणि तिथल्या कोणाच्या फोनमध्ये आपला फोटो असेल, एवढाच विचार करा.

ए-३०३ काका, ७:५५
ठीक आहे, मान्य. पण ग्रुपवर काय टाकायचं हे आता भाडेकरू शिकवणार का?

डी-५०३, ७:५६
मी फक्त दोन बाणांचा अर्थ सांगितला, काका.

बी-४०२ ताई, ७:५७
भाडेकरू मेंटेनन्सच्या पावतीवर दिसत नसतील, पण पाण्याचा टँकर चुकला की त्यांच्याही बादल्या रिकाम्याच राहतात. बोलू दे त्यांना.

सेक्रेटरी (ए-६०१), ८:१०
सर्वांना नमस्कार. ग्रुपवर २१२ लोक आहेत आणि रात्रीपासून ८७ मेसेज झालेत. फोटो मी ॲडमिन म्हणून ७:५८ ला सर्वांसाठी काढला. डी-१०५ नी आधी स्वतः काढायचा प्रयत्न केला होता, पण 'डिलीट फॉर मी' दाबलं गेलं.

डी-५०३, ८:१४
हे बऱ्याच जणांचं होतं, म्हणून सांगतो. 'डिलीट फॉर मी' केलं की मेसेज फक्त आपल्या फोनवरून जातो, बाकी सगळ्यांना दिसत राहतो. चुकून दाबलं तर पुढच्या काही सेकंदांत खाली 'अनडू' येतं, ते लगेच दाबायचं आणि मग 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायचं. स्वतःचा मेसेज सगळ्यांकडून काढायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. नुसता शब्द चुकला असेल तर १५ मिनिटांत एडिट करता येतं. पण पुढे फॉरवर्ड झालेली प्रत यातल्या कशानेच जात नाही. आयफोनच्या गॅलरीत उतरलेला फोटोही तिथेच राहू शकतो.

बी-३०४ काका, ८:१६
आपल्याकडे लिफ्टपेक्षा फॉरवर्ड लवकर वर पोचतो 😄

ए-६०४ वहिनी, ८:१७
लिफ्टचं नाव काढलंत म्हणून विचारते, दुसऱ्या लिफ्टचा दरवाजा

सेक्रेटरी, ८:१७
वहिनी, लिफ्टवाला आज ११ वाजता येतोय. इथे नको, विनंती.

ए-४०४, ८:२५
नियमांचं चाललंच आहे तर माझंही ऐका. वरच्यांच्या बाथरूममधून गळतंय, दोन महिने झाले. परवा फोटो टाकले, ढिम्म कोणी हललं नाही.

ए-५०४, ८:२८
पाच फोटो टाकलेत, खाली 'बेशरम' लिहिलंत. एक मजला चढून एकदा बेल वाजवली असती तर मी त्याच दिवशी प्लंबर आणला असता.

ए-४०४, ८:२९
बेल वाजवली होती.

ए-५०४, ८:२९
कधी?

ए-४०४, ८:३०
हा मेसेज डिलीट केला गेला

सेक्रेटरी, ८:३६
दोघांनाही विनंती, इथे थांबा. गळती ग्रुपवर सिद्ध होत नाही. छतावरचा ओला डाग वरच्या नाहणी ट्रॅपचा (बाथरूमचं पाणी निघून जातं त्या तोंडाचा) असू शकतो, लादीच्या सांध्यांतला असू शकतो, डक्टमधल्या कॉमन पाइपचाही असू शकतो. पाइप कॉमन निघाला तर खर्च सोसायटीचा, आणि मग पाच-शून्य-चारला बेशरम म्हटलं ते परत कसं घेणार? आधी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये रंग टाकलेलं पाणी २४ तास भरून ठेवतात. खाली रंग उतरला तर लादी. नाही उतरला तर ट्रॅप उघडून तेच पाणी सोडायचं. तरीही काही नाही तर पाइप बघायचा. तक्रार साध्या कागदावर लिहून ऑफिसात द्या, पोच घ्या. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, समितीने पुढच्या सभेत त्यावर निर्णय घ्यायचा असतो आणि तो सभासदाला १५ दिवसांत कळवायचा असतो. ग्रुपवरच्या फोटोला ना पोच असते ना मुदत. मी मेसेज पाहिला नाही म्हटलं तर तुमच्या हातात काय राहतं?

सी-२०१ काका, ८:४०
आणि थकबाकी? माझा मुद्दा परत एकदा. नावं ग्रुपवर टाका, आठ दिवसांत पैसे येतील.

खजिनदार (बी-२०२), ८:४६
काका, तिसऱ्यांदा सांगतो. वसुलीसाठी कायद्यात रस्ता आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम १५४ ब-२९, त्याखाली निबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला मिळतो. त्याला खातेउतारा लागतो, दिलेल्या नोटिसा लागतात, ठराव लागतो. नावं व्हॉट्सॲपवर टाकल्याने अर्ज एक इंचही पुढे सरकत नाही. उलट एखाद्याचं नाव चुकून आलं, त्याने पैसे भरलेत आणि बँकेत नोंद उशिरा झाली, तर २१२ लोकांसमोर त्याची अब्रू गेली ती गेलीच.

बी-७०१ वकीलताई, ८:५१
आणि बदनामीचं कलम आजही जागेवर आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्यावरचं आयटी ॲक्टचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, त्यावरून लोकांना वाटतं आता काहीही लिहिलं तरी चालतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बघा, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. लिहिणाऱ्याला बरं का. ॲडमिनचं विचाराल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्या सदस्याच्या मेसेजसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला पाहिजे. तेव्हा 'ॲडमिन बघून घेतील' हा भरवसा सोडा.

सी-२०१ काका, ८:५३
म्हणजे थकबाकीदार मोकाट, आणि आम्ही प्रामाणिकपणे भरणारे गप्प बसायचं.

खजिनदार, ८:५५
ऑफिसात या काका, शनिवारी ११ ला. अर्जाची फाइल समोर ठेवतो. चहा माझ्याकडून.

ए-१०२ काकू, ९:०२
मगाशी मला आज नको म्हणालात. सकाळी दोन शब्द चांगले लिहिले तर कोणाचं काय बिघडतं? इथे भांडणं चालतात, फूल चालत नाही.

बी-४०२ ताई, ९:०५
काकू, फुलावर राग नाही हो. सोमवारी सकाळी ६:१० ला टँकर येणार नसल्याची सूचना आली. साडेसहापर्यंत तिच्यावर २३ शुभ सकाळ बसल्या. डी विंगमध्ये सात घरांना कळलंच नाही, त्यांनी पाणी भरलं नाही. सूचना दिसायला हवी, इतकंच म्हणणं.

ए-१०२ काकू, ९:०७
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बी-४०२ ताई, ९:०८
माझीच चूक. फोन करायला हवा होता. संध्याकाळी येते.

सेक्रेटरी, ९:३०
शांतपणे वाचा, लांब आहे. आजपासून आपण ग्रुपचे दोन भाग करू. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो, त्यात फक्त ॲडमिन लिहितात. पाणी, वीज, लिफ्ट, सभा तिथेच. हा म्यूट करू नका. दुसरा गप्पांचा, तिथे काकूंची फुलंही येतील आणि वाढदिवसही. तो खुशाल म्यूट करा. दोन्हीकडे रात्री १० ते सकाळी ६ शांतता. लाउडस्पीकरला जी वेळ तीच आपल्याला, अपवाद आग, पाणी, तब्येत.

माणसाचा फोटो आणि त्याच्यावर आरोप, हे कुठल्याही ग्रुपवर चालणार नाही. मग तो सभासद असो, भाडेकरू असो, वॉचमन, डिलिव्हरीचा मुलगा, कामवाल्या ताई किंवा बोहारीण. खरं तर यांच्यासाठी हा नियम जास्त कडक पाळायचा, कारण सभासद ग्रुपवर उत्तर तरी देऊ शकतो, त्या बाईला तर माहीतही नसतं की तिचा फोटो फिरतोय. संशय आला तर पहिला फोन गेटवर, रजिस्टर बघायला सांगा. तरी शंका राहिली तर ११२. लहान मुलाचा प्रश्न असेल तर १०९८. ग्रुप त्यानंतर.

फॉरवर्ड टाकायचाच असेल तर तारीख, ठिकाण आणि कोणी सांगितलं हे तिन्ही हवं. एक जरी नसेल तर टाकू नका.

कोणी नियम मोडला तर मेसेज ॲडमिन काढेल आणि त्या माणसाला खाजगीत फोन करेल. ग्रुपवर कानउघाडणी नाही. दुसऱ्यांदा झालं तर सात दिवस फक्त घोषणांच्या ग्रुपवर. घोषणांतून कोणालाच काढायचं नाही, कारण पाण्याची सूचना हा राग काढायचा विषय नाही. या नियमांवर ग्रुपवर पोल टाकतो.

डी-५०३, ९:४१
दोन सूचना. ॲडमिन तीन तरी ठेवा. एकच असेल आणि तो बाहेर पडला तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून कोणालाही ॲडमिन करतं, त्याला सेटिंग माहीत असेलच असं नाही. आणि ग्रुप परमिशन्समध्ये 'ॲड अदर मेंबर्स' बंद करून 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' चालू ठेवा. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेले लोक अजून यादीत दिसतायत.

ए-३०३ काका, ९:४४
हे सगळं पोलवर ठरवणार का? सभा कशाला असते मग?

सेक्रेटरी, ९:४८
बरोबर आहे काका. पोल फक्त कल बघायला. 'मल्टिपल आन्सर्स' बंद करून टाकतो, नाहीतर लोक दोन्हीकडे टिक करतात. नियम पक्के होतील सर्वसाधारण सभेत, १४ दिवसांची नोटीस देऊन. तोवर विनंती म्हणून पाळा. आणि डी-५०३, तिसरे ॲडमिन तुम्ही व्हाल का?

ए-३०३ काका, ९:५०
माझी हरकत नाही.

सी-२०१ काका, ९:५२
सभेच्या विषयपत्रिकेत थकबाकी घ्या.

सेक्रेटरी, ९:५३
घेतली.

बी-४०२ ताई, १०:०५
डी-१०५ दादा, एक राहिलंच. तो फोटो तुम्ही अजून कुठे पाठवलात?

डी-१०५, १०:१९
तीन ठिकाणी. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, ऑफिसच्या, आणि बहिणीला.

बी-७०१ वकीलताई, १०:२२
तिथे नुसता डिलीट करू नका. ज्यांनी आधी पाहिलाय त्यांच्या डोक्यात ते तसंच राहतं. खाली दुरुस्ती लिहा, आणि त्यात तो फोटो परत जोडू नका.

डी-१०५, १०:३४
हे पाठवलं, ठीक आहे का बघा: 'काल रात्री मी दोन महिलांचा फोटो आणि एक ऑडिओ पाठवला होता. त्या महिला बोहारणी आहेत, आमच्या सोसायटीत दर गुरुवारी येतात. ऑडिओचा त्यांच्याशी काही संबंध नाही. चूक माझी आहे. तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथेही हा मेसेज टाका.'

बी-४०२ ताई, १०:३५
ठीक आहे. 🙏

डी-१०५, १०:५१
शाळेच्या ग्रुपवरून मॅडमनी काढला. ऑफिसमध्ये मी काढला. बहिणीने तिच्या सोसायटीत टाकला होता, तिथला ॲडमिन फोन उचलत नाहीये. तिला त्यांच्या गेटवर जाऊन वॉचमनला सांगायला लावलंय. गुरुवारी त्या बायका तिकडूनच इकडे येतात.