‘कीवर्ड’ला मराठीत काय म्हणावं : कळीचा शब्द की शोधशब्द?

डंकवाली (मूळ प्रश्न)

घरच्या मसाल्यांची एक छोटी वेबसाइट मी गेली चार वर्षं चालवते. माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यातलं. मिरची, कांदा, लसूण, खोबरं आणि गरम मसाले डंकावर एकत्र कुटून जे होतं, त्याला आमच्याकडे ‘चटणी’ म्हणतात. ‘चटणी कुटायला गेलीय’ म्हटलं की आमच्या गल्लीत कुणाला अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून पानालाही ठळक नाव दिलं, ‘घरगुती कोल्हापुरी चटणी’.

मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून आपल्या पानावर येतात ते दाखवणारी सोय) पाहिलं, तर त्या पानापर्यंत येणारी माणसं शोधत होती ‘शेंगदाण्याची चटणी’, ‘डोशाची चटणी’, ‘लसणाची सुकी चटणी’. माझं गिऱ्हाईक त्यांच्यात नव्हतंच. पुण्या-मुंबईच्या ज्या बायका फोन करून माल मागवतात, त्या विचारतात, ‘कांदा-लसूण मसाला आहे का?’ वस्तू तीच, पण तो शब्द माझ्या पानावर एकदाही नव्हता.

आता आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी मी एक मराठी पुस्तिका लिहिते आहे, आपली वेबसाइट लोकांना सापडावी म्हणून काय करायचं यावर. पहिल्याच पानावर अडले. ‘कीवर्ड’ला, म्हणजे गूगलवर शोधताना ज्या शब्दांवरून पान सापडतं त्यांना, काय लिहू? कुणी ‘कळीचा शब्द’ सुचवलं, कुणी ‘बीजशब्द’. इंडेक्स, क्रॉल (गूगलच्या प्रोग्रामने पानं वाचत फिरणं), बॅकलिंक (दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणारी लिंक) आणि खुद्द ‘एसईओ’ (वेबसाइट शोधात सापडावी म्हणून करायची कामं) या शब्दांवरही मदत हवी आहे. इंग्रजी शब्द चालतील, पण ऐकून अर्थ कळला पाहिजे.

कोशप्रेमी

‘बीजशब्द’ नको. बीजमंत्र, बीजगणित यांच्या पंगतीत तो जड होतो.

‘कळीचा शब्द’ कानाला बरा लागतो, कारण ‘कळीचा मुद्दा’ आपल्या बोलण्यात आहे. पण या ‘कळी’ची दोन मुळं ध्यानात घ्या. ‘कळीचा नारद’ यातली कळ म्हणजे भांडण. ‘कळ दाबली’ यातली कळ यंत्राची. तुमच्या कामाला दुसरी लागू पडते, आणि माझी अडचण तिथेच आहे. कळ दाबली की दिवा लागतो. ‘कळीचा शब्द’ म्हटलं की वाचणाऱ्या बाईला वाटणार, हा शब्द पानावर घातला की गूगलमध्ये आपण वर. तसं होतं का, हे जाणकारांनी सांगावं.

संगणकी

तसं होत नाही. एके काळी थोडंफार होत असे आणि त्याची सवय लोकांना अजून आहे. पानाच्या एचटीएमएलमध्ये (ज्या सांकेतिक लिखाणातून पान बनतं त्यात), वाचकाला न दिसणाऱ्या जागी, कीवर्डची यादी द्यायची एक सोय असते. लोकांनी तिथे वाट्टेल ते शब्द कोंबले. गूगलने २००९ साली जाहीरच केलं की क्रम ठरवताना आम्ही ती यादी वापरत नाही. तरीही वेबसाइट करून देणारे आजही त्या रकान्यात चाळीस शब्द भरून देतात आणि त्याचे पैसे लावतात. बचत गटाच्या पुस्तिकेत हे जरूर लिहा.

मी ‘शोधशब्द’ सुचवतो. कोशप्रेमींनी मांडलेला मुद्दाच मला महत्त्वाचा वाटतो. कळीचा शब्द दुकानदाराच्या हातात असतो, शोधशब्द गिऱ्हाइकाच्या तोंडात. डंकवालीताई, तुमच्याकडून जे झालं ते याचंच उदाहरण आहे. ‘चटणी’ हा तुमचा शब्द होता. ‘शोधशब्द’ म्हटलं की बाई आपोआप विचारेल, ‘कुणाच्या शोधाचा?’ आणि फोनवर लोक काय म्हणतात तिकडे कान देईल. या विषयात करण्यासारखी जी कामं आहेत, त्यांतलं निम्मं मला तरी एवढंच वाटतं.

सोलापूरकर

आमच्याकडे त्याच घराण्यातल्या मालाला ‘काळं तिखट’ म्हणतात. त्यात मसाले जास्त भाजतात, रंग वेगळा, चव वेगळी. पण कोल्हापुरात कुणी नुसतं ‘चटणी’ म्हटलं तर कधी कधी ते साधं लाल तिखटसुद्धा असतं, हे मी तिथे जेवायला बसून शिकलो. मुंबई-रायगडकडच्या घरांत मिरचीसकट कुटलेल्या वर्षभराच्या मालाला सरळ ‘मसाला’ म्हणतात. म्हणजे एकाच घराण्यातल्या मालाला तीन भागांत तीन नावं. तुमच्या पानावर ही माहिती दोन ओळींत लिहिलीत तर वाचकाला उपयोग होईल आणि तिन्ही शब्द रीतसर पानावर येतील, कोंबल्यासारखे दिसणार नाहीत.

डंकवाली

ही सूचना फार आवडली. दोन ओळी काय, दोन परिच्छेद मी आनंदाने लिहीन, कारण तो माझा रोजचा विषय आहे. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, हेही त्यात येईल.

आता इंडेक्स. मी ‘अनुक्रमणिका’ लिहिलं आहे. बरोबर?

कोशप्रेमी

नाही, इथे मी आग्रह धरणार. मराठी पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या असतात. पुढे येते ती अनुक्रमणिका: कोणतं प्रकरण कुठल्या पानावर. मागे येते ती सूची: कोणता शब्द, कोणतं नाव, कुठकुठल्या पानांवर. शोधयंत्राजवळ असते ती दुसरी. ‘मसाला’ शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची प्रचंड मोठी नोंद. तेव्हा ‘सूची’च म्हणा.

संगणकी

आणि गंमत अशी की अनुक्रमणिकाही या व्यवहारात आहे, फक्त ती आपण द्यायची असते. साइटमॅप म्हणतात तीच. माझ्या वेबसाइटवर ही ही पानं आहेत, अशी यादी. म्हणजे अनुक्रमणिका आपली, सूची त्यांची. ही जोडी पुस्तिकेत घ्याच, कारण फार लोक समजतात की साइटमॅप दिला म्हणजे काम झालं. यादी दिल्याने पान सूचीत येईलच असं नाही, आणि सूचीत आलं म्हणजे वर दिसेलच असंही नाही. पान सापडणं, सूचीत नोंद होणं आणि क्रम लागणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘माझी साइट गूगलवर येत नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या पायरीवर अडली आहे? सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकला की सूचीत आहे की नाही ते कळतं.

नाशिककर

क्रॉलरला ‘कोळी’ म्हणतात ना? जाळं विणणारा म्हणून?

कोशप्रेमी

म्हणतात, पण मराठीत कोळी म्हटल्यावर आधी मासे पकडणारा डोळ्यांपुढे येतो, आणि ‘कोळी येऊन गेला’ हे वाक्य वेगळ्याच अर्थाने ऐकू येईल. मी ‘फेरी’ सुचवतो. फेरीवाला, प्रभातफेरी, फेरी मारणे. ‘गूगलची फेरी झाली का?’ हे बचत गटातल्या बाईला समजावून सांगावं लागणार नाही.

संगणकी

‘फेरी’ उत्तम. त्याने एक मोठा घोळही सोडवता येईल.

रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक फाइल असते. हा संकेत १९९४ पासूनचा आहे, प्रमाण म्हणून त्याची रीतसर नोंद २०२२ मध्ये झाली. ती फाइल म्हणजे फेरीवाल्यासाठी दारावर लावलेली पाटी: ‘या खोलीत येऊ नये.’ दुसरी गोष्ट ‘नोइंडेक्स’. ती पानाच्या आत लिहिलेली असते: ‘हे पान सूचीत नोंदवू नये.’ लोकांना वाटतं दोन्ही एकच, आणि पान लपवायचं असलं की दोन्ही लावून ठेवतात. आता बघा काय होतं. पाटी वाचून फेरीवाला बाहेरूनच परत जातो, आतली ‘नोंदवू नये’ ही चिठ्ठी तो वाचतच नाही. बाहेरून कुणी त्या पानाकडे बोट दाखवलं असेल, तर पत्ता सूचीत तरीही येऊ शकतो. म्हणून पान सूचीत नको असेल तर दार उघडं ठेवायचं आणि चिठ्ठी आत लावायची.

याच्या उलट चूक आणखी महाग पडते. नवी वेबसाइट बांधताना ‘शोधयंत्रांना दूर ठेवा’ ही खूण लावलेली असते आणि उद्घाटनानंतर ती कुणी काढतच नाही. एका ओळखीच्या गृहस्थांची दुकानाची वेबसाइट आठ महिने अशी पडून होती. मिठाई घेऊन उद्घाटन झालं, पण त्या खुणेकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

सोलापूरकर

बॅकलिंकबद्दल मला बोलायचं आहे. दोन वर्षांपूर्वी मला एकाने पाचशे ‘बॅकलिंका’ विकल्या, पहिल्या पानावर आणतो म्हणून. कसल्या कसल्या परदेशी वेबसाइटींवर माझ्या चादरींच्या दुकानाचा पत्ता चिकटवला होता. गिऱ्हाईक एक आलं नाही. शब्द कळला असता तर कदाचित पैसे दिले नसते.

कोशप्रेमी

लिंकसाठी ‘दुवा’ हा शब्द मराठी जालावर चांगला रुळला आहे. साखळीतला दुवा, दोन घरांना जोडणारा दुवा. त्याच उच्चाराचा दुसरा दुवा अरबीतून आला, ‘म्हातारीचा दुवा घे’ यातला, आशीर्वादाचा. व्युत्पत्ती वेगळ्या आहेत, त्यांची गाठ मारू नये. पण बाहेरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्याला जी किंमत आहे ती दुसऱ्या अर्थाच्या फार जवळ जाते, हे मान्य करावं लागेल. तो मनापासून दिलेला असावा लागतो.

संगणकी

गूगलची मूळ कल्पना तीच होती. १९९८ च्या सुमाराची पेजरँकची पद्धत: कुणाकडे किती जण, आणि कोण, बोट दाखवतात त्यावरून पानाचं वजन ठरवायचं. दुव्यांचा बाजार सुरू झाल्यावर २०१२ मध्ये गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला तो मुख्यतः अशा विकतच्या दुव्यांना आळा घालण्यासाठी. जाहिरातीचा दुवा असेल तर तो ‘प्रायोजित’ म्हणून दाखवायची खूणही २०१९ पासून आहे.

बाहेरून येणारा दुवा ‘येता दुवा’, आपण देतो तो ‘जाता दुवा’, आणि आपल्याच पानांतला ‘घरचा दुवा’ असं म्हणावं का? घरच्या दुव्यांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. पाककृतीच्या पानावरून मसाल्याच्या पानाकडे दुवा द्यायला एक पैसा लागत नाही. फक्त त्यावर ‘इथे क्लिक करा’ लिहू नका, ‘कांदा-लसूण मसाला’ लिहा.

डंकवाली

येता, जाता, घरचा: तिन्ही घेतले. पाककृतीवरून आठवलं. माझं ‘तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कालवण’ नावाचं पान मला स्वतःच्याच वेबसाइटच्या शोधचौकटीत सापडत नाही. शब्द डोळ्यांसमोर तसाच आहे!

संगणकी

हा खास मराठीचा प्रश्न आहे, थोडा वेळ देतो. ‘तिसऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. जुन्या मराठी कळफलकांनी दुसरा प्रकार भरपूर वापरला. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ॲप’चंही तसंच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत) २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवत, नाहीतर हिंदीतला ऍ वापरत. तिन्ही रूपं आज जालावर आहेत. आपल्या वेबसाइटवर एकच रूप ठरवा आणि जुनी पानं एकदा बदलून घ्या.

दुसरं, आपली सामान्यरूपं. प्रत्यय लागला की शब्द बदलतो: लसूण, पण लसणाचा; कांदा, पण कांद्याचा; मसाला, पण मसाल्याची. बोलताना आपण पुष्कळदा बदललेलं रूप उच्चारतो, पण शोधताना माणूस पुष्कळदा मूळ रूपच टाकतो. शीर्षकात ते मूळ रूपात येईल असं बघा. पुष्कळ जण रोमन लिपीतही टाकतात. ज्या शब्दांनी लोक खरोखर येतात ते कन्सोलमध्ये दिसतात, तेच बघून ठरवा.

तिसरं, पानाच्या पत्त्याची शेपटी, म्हणजे त्याचा शेवटचा भाग, इंग्रजीत ‘स्लग’. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायच्या लोकप्रिय सोयीत) तिला २०० चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे नऊ चिन्हं खातं. काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळं. ‘कांदा-लसूण-मसाला’ १२८ मध्ये बसतं. पुढे ‘-कोल्हापुरी’ जोडलंत तर २१९ होतात, आणि मागून छाटलं जाऊन ‘कोल्हाप’ उरतं. तेव्हा शेपटी आखूड ठेवा. जुनी बदललीत तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण द्या आणि ते निदान वर्षभर तरी काढू नका. घर बदलल्यावर पोस्टात कळवतो तसंच हे.

नाशिककर

आणि एसईओ? ‘शोधयंत्र इष्टतमीकरण’ वाचलं होतं कुठेतरी.

कोशप्रेमी

‘इष्टतम’ गणितात शोभतो. पुस्तिकेसाठी ‘शोधसुलभता’ लिहा. ज्याला शोधायचं आहे त्याला सोपं करणं, एवढाच अर्थ, आणि तो शोधणाऱ्याच्या बाजूचा आहे.

डंकवाली

पहिलं पान लिहून झालं. ‘शोधसुलभता म्हणजे काय’ याखाली शोधशब्द, फेरी, सूची, अनुक्रमणिका, दुवा, इतकेच शब्द. परवा गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. पापड करणाऱ्या एका बाईंनी लगेच विचारलं, ‘मग मी उडदाचे पापड लिहू की उडीद पापड?’ ते आम्ही आज फोनवर आलेल्या शेवटच्या वीस ऑर्डरी बघून ठरवणार आहोत.

माझ्या पानाचं शीर्षक आता असं आहे : ‘कांदा लसूण मसाला : डंकावर कुटलेली कोल्हापुरी चटणी’. ‘चटणी’ मी काढली नाही. आमच्याकडची माणसं तोच शब्द टाकतील.

‘स्लग’ला ‘शेपटी’ लिहू का? बैठकीत तरी सगळ्यांना कळली.

कोशप्रेमी

लिहा.