लेयर म्हणजे थर की पदर? आणि ‘शीग’ चालेल का?

लातूरहून :
मी सिव्हिल इंजिनिअरांना बंगल्यांचे थ्रीडी व्ह्यू करून देतो. हाताखाली दोन पोरं शिकतात. ओपनईएक्सआर (ईएक्सआर) ही रेंडरची, म्हणजे संगणकानं थ्रीडीतून काढलेल्या चित्राची फाइल. ती समजावताना तिच्यातल्या ‘लेयर’ला मी सवयीनं ‘थर’ म्हणत आलो. परवा एकानं विचारलं, “थर आहेत, तर मग सुटे कसे होतात?” तेव्हापासून हा शब्द खटकतोय.

आपल्याकडं विहीर खणताना माती, मुरूम, मांजऱ्या, काळा खडक असे थर लागतात. थर साचतो, बसतो. वरचा फोडल्याशिवाय खालचा हाती येत नाही. रेंडरच्या फाइलीत तसं नसतं. थेट उजेड, चकाकी, प्रतिबिंब, अंतर हे सगळं एकाच फाइलीत, पण वेगवेगळं ठेवलेलं असतं. हवं ते उचला. तेल लावून घडी घातलेली पोळी तव्यावर फुगली की पदर सुटतात, तसं. म्हणून मला वाटतं लेयरला ‘पदर’ आणि अशा फाइलीला ‘बहुपदरी’ म्हणावं. चौपदरी रस्ता, तिपदरी गोफ आपण म्हणतोच. फ्लॅटन करणं, म्हणजे सगळे लेयर मिळून एकच चित्र करणं, याला ‘एकजीव करणं’. एकजीव झालं की पदर संपले, उरला तो थर.

पैठणहून :
थर आणि पदर यांतला फरक पटला. अजिंठ्याच्या भिंतींवरही आधी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. ते थरच, सुटे करता येत नाहीत. पण आमच्या गावात पदर म्हटलं की आधी पैठणीचं टोक डोळ्यांपुढं येतं. मी संगणकाच्या वर्गात शिकवते. ‘दुसरा पदर काढून टाका’ हे वाक्य मुलामुलींपुढं मला म्हणवत नाही. ‘स्तर’ पुस्तकी वाटतो, ‘पापुद्रा’ फारच नाजूक. फाइलीला ‘बहुपदरी’ जरूर म्हणा, रोजच्या सूचनेत ‘लेयर’ राहू द्या.

परभणीहून :
‘बहुपदरी’ला माझंही मत. एक भर घालतो. पोळीचे पदर नुसते एकावर एक असतात, रेंडरचे तसे नसतात. उजेडाचे लेयर एकमेकांत मिळवायचे असतात, म्हणून त्यांना ‘ॲड’ मोड. कोपऱ्यांतली सावली, म्हणजे अँबियंट ऑक्लूजन, ‘मल्टिप्लाय’नं गुणायची. अंतराचा लेयर तर चित्रच नव्हे, प्रत्येक ठिपका कॅमेऱ्यापासून किती लांब त्याचा तो आकडा. कृता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे लेयर सुटे उघडतात. फोटोशॉपमध्ये त्यासाठी प्लगइन वापरतात.

माझा प्रश्न ‘बिट डेप्थ’चा, म्हणजे ठिपक्याचा प्रत्येक रंग किती बिटांत लिहायचा त्याचा. ‘बिट-खोली’ वाचलं की मला राहायची खोली आठवते.

लातूरहून :
पैठणच्या ताईंचं खरं आहे. सूचनेत ‘लेयर’, फाइल ‘बहुपदरी’. माझ्यापुरतं हे ठरलं.

बिट डेप्थसाठी मी धान्याच्या मापांकडं जातो. पायलीची निम्मी अदोली, तिचा निम्मा शेर, मग मापटं, मग चिपटं. दरवेळी निम्मं. बिटाचंही तेच : एक बिट वाढला की माप निम्म्यानं बारीक होतं. ८ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, १६ बिटांत ६५,५३६. माप जाड असलं की संध्याकाळच्या आभाळात पट्टे उठतात. तेव्हा बिट डेप्थ म्हणजे ‘मापाचा बारीकपणा’. शब्द लांब आहे, पण ऐकणाऱ्याला कळतो.

खरी गोष्ट पुढं आहे. माप कितीही बारीक करा, काठापर्यंतच भरलं तर ते सपाट माप. आपल्या बाया ज्वारी मोजताना पायलीवर शीग, म्हणजे काठाच्या वर धान्याची रास, लावतात. फ्लोट, म्हणजे दशांशात आकडे ठेवणाऱ्या फाइलीत पांढरा म्हणजे १ धरला तरी त्याच्या वरचा उजेड टिकतो. १६ बिटांच्या हाफ फ्लोटमध्ये ६५,५०४ पर्यंत. हीच शीग. साध्या, पूर्ण आकड्यांच्या १६ बिटांत माप बारीक मिळतं, शीग मिळत नाही. पोरांचा इथं हमखास घोटाळा होतो, कारण दोन्हीकडं १६ लिहिलेलं असतं.

मी स्वतः यात पोळलो आहे. एका हॉलचं रेंडर ८ बिटांत सेव्ह करून मूळ फाइल पुसून टाकली. खिडकीतलं ऊन फार लागतंय, जरा उतरवा, असं घरमालक म्हणाले. उतरवलं, तर खिडकीत नुसता राखाडी डाग. शीग आधीच पडून गेलेली. रात्रभर बसून पुन्हा रेंडर केलं, या वेळी ईएक्सआरमध्ये. एक्सपोजर तीन स्टॉप खाली घेतलं, म्हणजे उजेड तीनदा निम्मा केला, आणि त्याच खिडकीत कडुनिंबाची फांदी दिसायला लागली, पानापानासकट.

म्हणून क्लिपिंगला, म्हणजे पांढऱ्याच्या वरचा उजेड कापला जाण्याला, मी ‘शीग पाडणं’ म्हणतो, आणि टोन मॅपिंगला, म्हणजे तो उजेड दाबून पडद्याच्या मर्यादेत आणण्याला, ‘शीग मापात बसवणं’.

परभणीहून :
‘शिगेला पोहोचणे’ यातली शीग हीच ना? मग शब्द सगळ्यांच्या तोंडचाच आहे, फक्त पायलीपर्यंत परत न्यायचा. उद्यापासून वापरतो.

लातूरहून :
हीच. माझ्याकडं प्रत्येक कामाचे आता दोन फोल्डर असतात : ‘शिगेसकट’ आणि ‘सपाट’. सपाटातली फाइल गिऱ्हाइकाला जाते. शिगेसकट आहे तिला घराचा ताबा मिळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.