एका बाजूचा डिपर गेला, अप्पर लागतो: एच४ बल्ब स्वतः बदलताना काय सांभाळायचं?

रातवा:
गाडीच्या उजव्या हेडलाइटचा डिपर (खाली, जवळ पडणारा उजेड) लागत नाही. त्याच बाजूचा अप्पर (लांबवर जाणारा उजेड) नीट लागतो आणि डावीकडे दोन्ही चालू आहेत. बल्ब एच४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. काढून पाहिला तर काचेच्या आतून काळपट, चंदेरी थर चढलाय. बल्बच्या मागे वायरी जोडणाऱ्या कपलरचं पांढरं प्लास्टिकही एका पिनेजवळ तपकिरी पडलंय.

बल्ब स्वतःच बदलायचा आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बल्बच गेलाय हे पक्कं कसं करायचं? काचेला बोट लावू नका असं सगळे सांगतात, त्यामागचं कारण काय? आणि कपलर आहे तसाच ठेवून नवा बल्ब लावला तर चालेल का?

दहा नंबरचा पाना:
एच४ मध्ये एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, डिपरचं ५५ वॅटचं आणि अप्परचं ६० वॅटचं. डिपर जास्त तास जळतो म्हणून बहुधा तोच आधी तुटतो. तुमची लक्षणं बल्बकडेच बोट दाखवतात. तरी आधी फ्यूज पाहून घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या डिपरला वेगवेगळा फ्यूज असतो.

मग मल्टिमीटर बीपवर (जोड अखंड असला की वाजतो त्या खुणेवर) ठेवा आणि बल्बच्या तीन पट्ट्या जोडीजोडीने तपासा. चांगल्या एच४ मध्ये तिन्ही जोड्यांत मीटर वाजतो, कारण एक पट्टी दोन्ही फिलामेंटना सामाईक असते. एक फिलामेंट तुटलं असेल तर एकाच जोडीत वाजेल. थंड फिलामेंटचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो, तेव्हा आकडा अगदी लहान दिसला तर शॉर्ट झालाय असं समजू नका. मीटर नसेल तर डावा बल्ब उजवीकडे लावून बघा. डिपर लागला तर बल्ब गेलेला, नाही लागला तर फ्यूज, कपलर किंवा वायर.

काळा थर म्हणजे फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन, बल्ब म्हातारा झाल्याची खूण. थर काळा नसून पांढरट, दुधी असेल तर काचेला तडा जाऊन आत हवा शिरलेली असते. तसा बल्ब काढताना जास्त जपा.

आता बदलण्याचं काम. लाइट बंद, चावी काढलेली, आणि किमान १० ते १५ मिनिटं थांबायचं. इंजिन तापलेलं असेल तर आणखी थांबा, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो आणि तुमचा हात नेमका त्याच्या आसपास असतो. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असू द्या. हॅलोजन बल्बमध्ये वायू दाबाने भरलेला असतो, फुटला तर काच उडते.

कपलर त्याच्या प्लास्टिकला धरून सरळ मागे ओढायचा, वायरी धरून कधीच नाही. घट्ट असेल तर वर-खाली हलकं डोलवत काढा. मग रबरी कव्हर, त्याला ओढायला छोटे कान असतात. आत तारेची स्प्रिंग क्लिप दिसेल. तिचं टोक आधी दिव्याच्या दिशेने आत दाबा, मग बाजूला सरकवून खाचेतून सोडवा. दाबण्याआधीच बाजूला खेचली तर ती वाकते, आणि वाकलेली क्लिप पुन्हा पूर्वीच्या जोराने धरत नाही. दुसरं टोक बिजागरीसारखं जागेवरच राहतं. काही दिव्यांत ते स्क्रूने बसवलेलं असतं, तो सोडायची गरज नाही. सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो घेऊन ठेवा, लावताना फार उपयोगी पडतो.

हात आत जातच नसेल तर ओढाताण करू नका. एअर फिल्टरचा डबा, वॉशरच्या टाकीची मान किंवा बॅटरी बाजूला घेतली की जागा होते. काही गाड्यांत अख्खा दिवा दोन-तीन बोल्ट काढून पुढे घ्यावा लागतो, काहींत चाकावरच्या प्लास्टिक अस्तरात झडप असते.

नवा बल्ब धातूच्या कॉलरला, म्हणजे बुडाजवळच्या गोल कड्याला धरा. काचेला बोट न लावण्याचं कारण: बल्बची काच क्वार्ट्झची असते आणि लागल्यावर कित्येकशे अंश तापते. बोटाचं तेल आणि घामातलं मीठ तिच्यावर भाजून बसतं, तेवढा ठिपका जास्त तापतो, तिथे क्वार्ट्झचे स्फटिक बनून काच दुधी आणि कमजोर होते. मग बल्ब लवकर जातो किंवा फुटतो. चुकून बोट लागलंच तर बल्ब फेकू नका. तंतू न सोडणाऱ्या स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काच पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच लावा. आतल्या रिफ्लेक्टरला मात्र कापडही लावू नका, त्याचा चकचकीत थर पुसला जातो आणि तो परत येत नाही.

दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला. डावा तितकेच तास जळलाय, आणि एक नवा एक जुना ठेवला तर उजेडात फरक दिसतो.

तांब्याची तार:
बल्बबद्दल वर सगळं आलं. माझ्या मते खरा प्रश्न तुमचा तिसरा आहे. तपकिरी कपलर तसाच ठेवू नका.

हिशोब बघा. ५५ वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे सुमारे ४.६ अँपिअर. पिनेची पकड ढिली होऊन तिथे ०.२ ओहम रोध आला, तर त्या इवल्याशा जागेत ४ वॅटच्या वर उष्णता तयार होते आणि जवळजवळ ०.९ व्होल्ट तिथेच खर्च होतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने घसरतो, १० टक्के व्होल्टेज कमी झालं की साधारण ३० टक्के उजेड जातो. म्हणजे नवाकोरा बल्बही तुम्हाला मंद दिसेल, आणि तपकिरी पिन काळी होईल.

पक्कडने पिन आवळून काम भागतं असा एक समज आहे. एकदा तापलेल्या पितळेतला ताण गेलेला असतो, आवळलेली पिन थोड्या दिवसांत परत उघडते. होल्डर, म्हणजे हा कपलरच, वायरींसकट नवा घ्या, सिरॅमिकचा किंवा उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा, आणि त्याच्या वायरी किमान १.५ चौरस मिलिमीटरच्या असाव्यात.

जोडताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. तिन्ही वायरी एकदम कापू नका. एक कापा, जोडा, मग दुसरी. यात अदलाबदल होण्याचा प्रश्नच उरत नाही. तिन्ही सांधे एकाच जागी येऊ देऊ नका, थोडे मागे-पुढे ठेवा. जुन्या वायरचं तांबं काळं पडलेलं असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर ना क्रिंप (दाबून बसवलेला जोड) धरतो ना सोल्डरचा डाग. वर उष्णतेने आवळणारी नळी. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा बॉनेटखाली टिकत नाही.

झाल्यावर मोजून घ्या. इंजिन चालू, डिपर चालू, मीटर डीसी व्होल्टवर. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी होल्डरच्या अर्थ पिनेवर मागून टेकवा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून डिपरच्या पिनेपर्यंत मोजा, अर्धा व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक आहे.

आणि आधीचा बल्ब १००/९० वॅटचा नव्हता ना, ते कॉलरवर वाचून बघा. ९० वॅटचा डिपर ७.५ अँपिअर ओढतो. साधं वायरिंग त्यासाठी बनवलेलं नसतं, आधी कपलर जळतो आणि मग रिफ्लेक्टर काळवंडतो.

रातवा:
जुन्या बल्बवर ६०/५५ च लिहिलंय, म्हणजे पिनच ढिली होती. नवा होल्डर लावला, दोन्ही बल्ब बदलले. अर्थच्या बाजूला ०.०८ व्होल्ट मिळाले.

एक गोष्ट खटकतेय. भिंतीवर डाव्या दिव्याच्या उजेडाची वरची कड स्पष्ट आहे, उजव्याचा उजेड मात्र वर पसरतोय आणि कडच दिसत नाही. ॲडजस्टिंग स्क्रू फिरवून खाली घेऊ का?

दहा नंबरचा पाना:
स्क्रूला हात लावू नका. आधी जो दिवा बरोबर होता तो बल्ब बदलल्याने इतका बिघडत नाही. बल्ब जागेवर बसलेला नाही.

डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. तुमच्या जुन्या बल्बमध्ये बघा, स्पष्ट दिसेल. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि त्यातून ती सरळ कड तयार होते. बल्ब थोडा जरी फिरला किंवा तिरका बसला की वाटी तिरकी होते आणि उजेड वर सांडतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तोच जातो.

पुन्हा खोला, पण थंड झाल्यावर. कॉलरला तीन कान असतात आणि त्यांची रचना अशी असते की ते एकाच स्थितीत खाचांत बसतात. बल्ब घातल्यावर कॉलरच्या कडेवरून बोट फिरवा. सगळीकडे सपाट लागलं पाहिजे, कुठे उंचवटा जाणवला तर तो कान बाहेर आहे. मगच क्लिप लावा. क्लिप लावायला जोर लागला तरी थांबा, कारण बसलेल्या बल्बवर ती सहज जाते. अर्धवट बसलेला बल्ब क्लिपच्या जोराने आत ढकलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

उजेडाची रेघ:
बसवून झाल्यावर भिंतीवर तपासायची रीत. सपाट जमीन, टायरची हवा बरोबर, डिक्कीत वजन नाही, उजेड वर-खाली करायचं लेव्हलिंगचं चाक आत असेल तर ते शून्यावर. भिंतीपासून १० मीटर मागे गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर पट्टी चिकटवा. बहुतेक कारला उतार १ टक्का धरतात, म्हणजे डिपरची सपाट कड पट्टीच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. तुमच्या दिव्यावर किंवा पुस्तिकेत वेगळा टक्का छापलेला असेल तर तोच धरा. कड एका बाजूला वर चढलेली दिसेल, तो दोष नाही. आपण रस्त्याच्या ज्या कडेने चालतो तिकडचे पादचारी दिसावेत म्हणून ती तशी असते.

एका वेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा. पण फार वेळ झाकून ठेवू नका, हॅलोजनसमोरचा पुठ्ठा आणि प्लास्टिकची काच दोन्ही तापतात.

रबरी कव्हरवरचा वरच्या बाजूचा शिक्का वरच ठेवा आणि त्याची कड सगळीकडून नीट बसली का ते बोट फिरवून बघा. हे राहिलं तर पहिल्याच पावसात दिव्यात धुकं साचतं, रिफ्लेक्टरचा थर सुटायला लागतो आणि मग अख्खा दिवाच बदलावा लागतो.

नवा वाचक:
माझ्या गाडीत एच७ आहे, तिथेही हेच करायचं का? आणि एवढं सगळं करण्यापेक्षा हॅलोजनच्या जागी एलईडी का लावू नये?

तांब्याची तार:
एच७ मध्ये एकच ५५ वॅटचं फिलामेंट आणि दोन पट्ट्या. कपलर कसाही लावला तरी चालतो, प्लस-मायनसचा प्रश्न नाही. डिपर आणि अप्परला वेगळे बल्ब असतात, तेव्हा कोणता गेलाय ते बघूनच हात घाला. काही गाड्यांत एच७ वेगळ्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या कड्यात बसतो. ते कडं जुन्या बल्बबरोबर बाहेर येतं आणि चुकून कचऱ्यात जातं, तेवढं जपा. एच११ ला क्लिपच नसते, पाव फेरा उलटा फिरवला की सुटतो. झेनॉन दिवा असेल तर स्वतः खोलू नका. तो पेटताना २० हजार व्होल्टच्या वरचा झटका तयार होतो.

एलईडीबद्दल माझं मत ठाम आहे, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नको. तो रिफ्लेक्टर एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, चिपचा आकार आणि जागा हुबेहूब तशी जुळत नाही. गाडीच्या समोर उजेड भरपूर वाटतो, पण लांबचा कमी होतो आणि कडेच्या वर जाणारा वाढतो. कितीतरी देशांत असा बदल नियमातही बसत नाही.

रातवा:
उजव्या बल्बचा खालचा एक कान खरंच बाहेर होता. आता दोन्ही कडा भिंतीवर एका रेषेत आल्या. डावीकडून काढलेला जुना बल्ब अजून चालतो. तो ठेवून देऊ का?

दहा नंबरचा पाना:
ठेवा. अल्कोहोलने काच पुसून नव्या बल्बच्या रिकाम्या डब्यात बंद करा आणि डबा डिक्कीत कापडात गुंडाळून ठेवा, वाटेत एक गेला तर घरी पोचवेल. नव्या दोघांपैकी एखादा महिन्या-दोन महिन्यांत उडाला तर लगेच तिसरा आणू नका. इंजिन जरा वर फिरवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.४ असायला हवं. सतत १५ च्या आसपास दिसलं तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासा, कारण व्होल्टेज ५ टक्के जरी जास्त राहिलं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं.