साखर तोडली तर गाठ उपाशी मरते का? मग टी-पेशींचं काय?

सांगलीची_लेक
बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅबची सलाईन लावतात. पेट स्कॅनला ग्लुकोजसारखंच काहीतरी टोचतात आणि गाठ त्याने उजळून दिसते, हे कळल्यापासून घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय की साखर तोडली की गाठ मरणार. आधी चहा बिनसाखरेचा झाला, मग भात गेला, आता भाकरीही अर्धीच. बाबा रोडावत चाललेत. हे औषध ज्या पेशींना लढायला लावतं, त्यांनाही साखर लागतच असेल ना?

पेशीवाली_पुणे
लागते ताई, आणि भरपूर लागते. मी टी-पेशींवरच काम करते, म्हणजे बाबांचं औषध ज्यांना लढायला लावतं त्या पांढऱ्या रक्तपेशींवर. शांत असताना त्यांचं थोडक्यात भागतं. शत्रू ओळखला की त्या फुगतात, भराभर दुभागतात आणि ग्लुकोज ओढू लागतात. फ्लास्कमध्ये पेशी जाग्या केल्या की काही दिवसांतच त्या ज्यात वाढतात तो गुलाबी द्रव पिवळा पडतो, इतकं लॅक्टिक आम्ल त्या सोडतात. ऑक्सिजन असूनही असं आम्ल करत बसण्याची हीच खोड जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात कॅन्सरमध्ये पाहिली होती. मारणारी आणि मरणारी, दोघींचं खाणं एकच!

२०१५मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की गाठीने ग्लुकोज पळवलं तर टी-पेशी तिथे पोचूनही इंटरफेरॉन-गॅमा हे लढाईसाठी लागणारं प्रथिन पुरेसं बनवू शकत नाहीत. वर साचलेलं आम्ल त्यांना आणखी मंद करतं, आणि प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी मात्र त्याच आम्लात निभावून नेतात.

पण ही ओढाताण गाठीच्या आत चालते. ताटातली भाकरी काढून ती मिटत नाही. यकृत रक्तातली साखर खाली जाऊ देत नाही. खाणं कमी पडलं तर स्नायूंची प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं. बाबांना पोटभर जेवू द्या हो, मनापासून सांगते. आणि वजन उतरतंय हे डॉक्टरांच्या कानावर आजच घाला.

आहार_मिरज
बाबांना मधुमेह आहे का? असेल तर साखर आटोक्यात ठेवावीच लागेल, पण तेही डॉक्टरांना विचारून. नसेल तर भात-भाकरी परत सुरू करा, सोबत अंडी, घट्ट वरण, दही. एकदम जेवण जात नसेल तर दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं.

सांगलीची_लेक
मधुमेह नाही. मावशीला हे सगळं वाचून दाखवते. ताई, टी-पेशींचंच खाणं बदलता येत नाही का?

पेशीवाली_पुणे
काही प्रमाणात येतं. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखता यावा म्हणून त्यांच्यात बदल करून परत सोडतात. त्या पेशीत ४-१बीबी नावाचा भाग जोडला, तर तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढतात, ती चरबीही जाळू लागते आणि जास्त टिकते. त्याऐवजी सीडी२८ नावाचा भाग जोडला तर ती जोरात लढते, पण ग्लुकोजवरच जास्त विसंबते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारामध्ये ४-१बीबीच आहे. त्याला २०२३मध्ये मंजुरी मिळाली, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. फुफ्फुसाच्या गाठीवर ते चालत नाही, तेव्हा बाबांचे आत्ताचे उपचार चुकवू नका.