बुटातील दाबमापकासाठी चालण्यातून वीज मिळवायची आहे, सल्ला हवा

विचारणा:
मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींसाठी, टाचेवर आणि चवड्यावर पडणारा दाब मोजून ब्लूटूथने फोनकडे पाठवणारा एक संच मी बुटाच्या आतल्या तळात बसवला आहे. बटण सेल संपल्याचे लक्षात आले नाही, तर गरजेच्या वेळीच संच बंद असेल, ही मला काळजी वाटते. चालण्यातूनच वीज मिळवायची असल्यास गुडघ्यावरचे जनित्र, पायझोइलेक्ट्रिक पट्टी (दाबल्यावर किंवा वाकवल्यावर वीज देणारी) आणि घर्षणविद्युत जनित्र (दोन पृष्ठभागांच्या स्पर्शातून व घर्षणातून वीज देणारे) यांपैकी काय निवडावे?

प्रतिसाद १:
गुडघ्याचा विचार सोडावा. संशोधक मॅक्स डोनेलन यांच्या गटाने २००८ मध्ये मांडलेल्या गुडघेपट्ट्यांमधून दोन्ही पायांची मिळून सुमारे ५ वॅट वीज मिळाली. पुढे झेपावणाऱ्या पायाला स्नायू आवर घालतात त्याच क्षणी जनित्र जोडायचे, ही त्यामागची कल्पना मला अतिशय सुंदर वाटते. तथापि ते वजन आपल्या रुग्णांनी वागवावे इतकी आपली गरज मोठी नाही. एमआयटी मीडिया लॅबने १९९८ मध्ये बुटातील पीव्हीडीएफ या लवचिक पायझोइलेक्ट्रिक प्लास्टिकच्या थरांपासून सरासरी एक मिलिवॅटहून थोडी अधिक, तर टाचेखालच्या पीझेडटी या कडक पायझोइलेक्ट्रिक सिरॅमिकपासून त्याहून अधिक वीज मिळवली होती. तरीही आपण पीव्हीडीएफच घ्यावे, कारण ज्या पायाला टोचलेले कळत नाही त्याच्याखाली कडक तुकडा ठेवणे म्हणजे आपणच जखमेला जागा करून देणे होय.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे. घर्षणविद्युत जनित्रे २०१२ पासून पुढे आली. त्यांचा व्होल्टेज भरपूर, पण विद्युतप्रवाह अत्यल्प असतो, आणि घामाच्या ओलाव्याने पृष्ठभागावरचा विद्युतभार घटतो, म्हणून बुटात ती पूर्ण बंदिस्त करावी लागतील.

माझा आग्रह मात्र साठवणुकीबाबत आहे. पट्टीची वीज उलटसुलट दिशेने येते. ती रेक्टिफायरमधून (वीज एकाच दिशेने वळवणारा भाग) नेऊन कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणारा भाग) साठवावी. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ वरून ३ व्होल्टवर येईपर्यंत ०.८ मिलिज्यूल ऊर्जा देतो, आणि एका छोट्या ब्लूटूथ संदेशाला ती सहसा पुरते. त्यामुळे प्रत्येक पावलाला नव्हे, तर कपॅसिटर भरेल तेव्हाच संदेश पाठवावा. आपले रुग्ण सावकाश चालतात, म्हणून चाचणी त्यांच्याच चालीवर घ्यावी.

विचारणा करणारा:
मनःपूर्वक आभार. सिरॅमिक पट्टी आता वापरणार नाही. एकाच जागी बराच वेळ उभे राहिल्यास दाब तर राहतो, पण वीज मिळत नाही. त्यासाठी छोटी रिचार्जेबल बॅटरी जोडावी का?

प्रतिसाद २:
अवश्य जोडावी. चालताना उरलेली वीज तिच्यात साठवावी आणि ती अर्ध्यावर येताच फोनवर सूचना जाईल, अशी सोय करावी.