गाडी चालवताना सुचलेल्या ओळी टिकत नाहीत, आणि टिकतात त्या सगळ्या सारख्याच वाटतात (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उजवीकडची सीट
रोज जाताना-येताना प्रत्येकी साधारण पाऊण तास गाडीत जातो, चालवायला मीच. या वाटेवरच्या छोट्या कविता आणि चार-पाच ओळींची स्फुटं लिहायची आहेत. अडचणी दोन. सुचलेलं पार्किंगपर्यंत उडून जातं. आणि जे उरतं ते असं:

जीवन एक प्रवास आहे
थांबणे येथे त्रास आहे
सिग्नल हिरवा होईल कधी
मनात एकच आस आहे

यमक जुळलंय, पण यात माझी वाट कुठेच नाही. शिवाय हायकू, चारोळी, अष्टाक्षरी यांपैकी रचनेचा कोणता घाट या विषयाला बरा?

अक्षरमोजणी
आधी टिकवण्याचं. चालवताना ओळ रचू नका. अक्षरं मोजणं आणि रस्ता बघणं ही दोन्ही कामं एकाच लक्षातून होतात, आणि कमी पडतो तो रस्ता. सिग्नलला थांबल्यावरही फोन नको. फक्त तीन शब्द धरायचे: एक वस्तू, तिची एक हालचाल, एक जागा. ‘वायपर, फुटणं, पुलाखाली’ एवढंच. अख्खं वाक्य लक्षात ठेवायला गेलात की ते घोळत राहतं, पुढची दृश्यं दिसतच नाहीत, आणि शेवटी तेही विस्कटतं.

गाडी लावली की इंजिन आणि पंखा बंद करून, दार उघडण्याआधी, अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करा. बोलून टाइप करणारी सोय नको: ती ओळी मोडते आणि विरामाच्या जागा खाते. दार उघडलं की डोक्यात कामाची यादी शिरते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

आता तुमची चारोळी. ‘जीवन’, ‘प्रवास’, ‘मन’, ‘आस’ हे चारही शब्द गाडीत न बसता लिहिता येतात. वाटेवरची एकच वस्तू आहे, सिग्नल, आणि तिचं तुम्ही लगेच रूपक करून टाकलंत. घाटासाठी अष्टाक्षरी बघा. लघु-गुरूचं बंधन नाही, फक्त ओळीला ८ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं: सिग्नल ३, इंडिकेटर ५. (‘स्पीडब्रेकर’ आणि ‘गतिरोधक’ दोन्ही ५, तेव्हा बोलण्यातला सोडून पाटीवरचा शब्द घ्यायला मोजणीची सबब चालणार नाही.)

पुढच्या गाडीचा दिवा
भिजल्या काचेत फुटे
वायपर सरकता
पुन्हा जुळे, पुन्हा तुटे

यतिभंग
वरची तिसरी ओळ कागदावर ८ आहे, कानाला नाही. आपण बोलताना मधले ‘अ’ गिळतो: ‘वाय्पर् सर्कता’. चार-पाच ठोक्यांतच ओळ संपते आणि चौथी लांबलेली वाटते. गाडीच्या शब्दांत हे फार होतं, कारण बहुतेक इंग्रजीतून आलेले. उपाय साधा: अशा शब्दाशेजारी दीर्घ स्वरांचे शब्द ठेवा. ‘वायपर येता-जाता’ करून मोठ्याने वाचा. अर्थही सुधारतो, कारण जुळणं-तुटणं एकदाच होत नाही.

तीन-तीन अक्षरांचे शब्द जोडीने आले की अष्टाक्षरी सरळ चालते. ‘पुढच्या गाडीचा दिवा’ हे ३-३-२, ठीक. तेच ‘पुढच्या दिवा गाडीचा’ केलंत तर ३-२-३, मधे अडखळायला होतं.

मोठ्या अभंगाचा ६-६-६-४ घाटही करून बघा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. शेवटचा आखूड चरण ब्रेकसारखा लागतो:

आरशात मागे
धूसरले घर
काचेवर थर
कालचाच

डावीकडून
हायकूबद्दल. तीन ओळींत ५-७-५ अक्षरं, या मापाला चिकटून बसू नका. जपानीत मोजतात ते आपलं अक्षर नव्हे: तिथे दीर्घ स्वर दोन धरतात, शब्दाअखेरचा ‘न्’ वेगळा मोजतात. त्यामुळे १७ मराठी अक्षरांत त्यांच्यापेक्षा जास्त मजकूर मावतो आणि हायकू ठासून भरल्यासारखा होतो. मराठीत तीन ओळी, त्यांपैकी दोन यमकात, एवढ्यावरही तो उभा राहतो. मोजूनच हवा असेल तर नामांवर भर द्या:

लाल सिग्नल
शेजारच्या काचेत
झोपले मूल

आणि हायकूतला ऋतू नसेल, माणसांचं वागणं असेल, तर तो सेन्र्यू, त्याच मापाचा दुसरा जपानी प्रकार. ट्रॅफिकमधलं बरंचसं त्यातच मोडतं.

विषय संपतात ही तक्रार येणारच, म्हणून गाडीतल्या वस्तू नीट बघा. वळणाच्या लेनमध्ये तुमच्या इंडिकेटरची टिकटिक आणि पुढच्याचा पिवळा दिवा काही क्षण एकत्र पडतात, मग हळूहळू निसटतात. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतो आणि दोन गाड्यांचा वेग तंतोतंत सारखा नसतो, म्हणून. एक बल्ब गेला की बऱ्याच गाड्यांत टिकटिक एकदम घाईची होते. डावीकडचा आरसा बहुधा बहिर्वक्र असतो: जास्त दाखवतो, पण मागचं वाहन असतं त्याहून लांब भासवतो. पावसात काच आतून धुरकटते ती आपल्याच श्वासातल्या वाफेने. बाजूच्या काचेवरचे थेंब वेगात तिरके मागे पळतात, थांबलात की सरळ उतरतात. यातल्या प्रत्येकाचं कारण माहीत असलं की उपमा शोधावी लागत नाही.

स्फुटाला ८०-१०० शब्द पुरेत. सुरुवात ‘आज सकाळी’ने नको, वस्तूने करा. लिहून झाल्यावर शेवटचं वाक्य झाकून वाचा. दहातल्या आठ वेळा ते उपदेशाचं निघतं आणि नसलं तरी चालतं.

उजवीकडची सीट
इंडिकेटरवर लिहून बघितलं. तिसरी ओळ आधी ‘जुळून सुटे’ होती, पण मग सगळंच सांगून झाल्यासारखं वाटलं.

वळणापाशी
दोन इंडिकेटर
आता सोबत

यतिभंग
‘आता’ला हात लावू नका. सुटणार आहेत हे त्यातच आलं. फक्त पहिल्या दोन ओळींमधे थोडं थांबून वाचा, नाहीतर ‘इंडिकेटर’ घाईत जातो.

अक्षरमोजणी
‘येता-जाता’ घेतलं. आधीची ओळ तशीच ठेवतोय, चूक कुठे होती ते पुढच्या वाचणाऱ्याला कळेल.